एक कासिम, एक ठराव

मु. पो. जुनंच, वेशीपाशी.

आदरणीय भगवानराव दाजींना मेहुण्या लिंबाजीचा रामराम. इकडं आमी सगळे खुशाल, फक्त बैल सोडून. तुमचा गुडघा कसा हाय? आक्काला म्हणावं, जिंतूरचं पाणी मानवलं म्हणून माहेर विसरू नको. पोळ्याला दोघंबी नक्की या.

तर दाजी, चारठाण्याचे कासिमभाई तुमाला ठावं हायतच. आपल्या गावाची रीत अशी, की ज्याच्या हातानं वस्तू आली त्याचंच नाव वस्तूला. कासिमभाईंनी विहीर खांदली, ती कासिम. वेशीत आंबा लावला, तोबी कासिम. माझा पांढरा बैल वासरू असताना त्यांनीच दिला (मी दात न बघता घेतला, माणूसच तसा), तो कासिम. आन म्हातारपणी भाई इथंच राहायला आले, ते तर जन्मापासूनच कासिम. कुणाची कधी अडचण न्हाई. पण नवीन सरपंच कस्तुराबाईंना शिस्तीचं लय वेड. त्यांनी ग्रामसभेत ठराव केला, एका नावाचं गावात एकच. नाव कुणाकडं ठेवायचं त्याचं मतदान घ्यायचं, आन ते होईस्तोवर चौघांचंबी नाव बंद.

कासिम म्हटल्याबिगर बैल जागचा हालत न्हाई, आन सोयाबीनमधी तण गुडघ्याला लागलेलं. बैल प्रचाराला निघंना, म्हणून मतदारांनाच गोठ्यात आणून चहा पाजला. आंब्याच्या बाजूनं लोणचं वाटलं गेलं. (विहिरीवाले नुसतं पाणी पाजत होते, त्यांचं काय व्हायचं ते झालं.) भाईंनी प्रचारच केला न्हाई. म्हणाले, "हमारा क्या, लोगां पहचानते." बैल भरघोस मतांनी आला. भाईंना एकबी मत न्हाई, कारण त्यांनी सोताचंबी बैलालाच टाकलं. लिंबाजीचं तण वाढलंय म्हणाले. मला लय वाईट वाटलं, पण गुलाल आणलेला होता, तो उधळला.

तुमचाच,
लिंबाजी

ता. क. नाव गेल्यामुळं भाईंना चहाला बोलवायची पंचाईत झाली. गावात भगवानराव कुणीच न्हाई, म्हणून त्यांनी तुमचं नाव पसंत केलंय. तेव्हा पोळ्याला येताना तुमी दुसरं कायतरी नाव घेऊन या.

आणखी ता. क. जिंकल्यापासून बैल माझ्या हाकेला मानबी वळवत न्हाई. काल भाई गोठ्याशी आले, नाव न घेता नुसतं "चल बेटा" म्हणाले, तर तरातरा रानात गेला. आता रोज भाई बांधावर बसून हाक देतेत, मी बैलामागं तण कोळपायलोय. त्यांच्यासाठी एक चांगला फेटा आणा. आपल्या नावाच्या माणसाला रिकाम्या हातानं भेटू नये.