सुपारी, दाढ आणि सस्तन प्राणी

२ फेब्रुवारी, सकाळ
निश्चय. लेकीची, संयोगिताची, सुपारी मी दातानं फोडणार. जयसिंगपूरच्या आण्णांना, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांना, फोनवर सांगूनही टाकलं. बैठकीत सुपारी फुटली की लग्न ठरलं. ती दगडानं फोडतात. दगड काय, कोणीही उचलतो. कबनूरला दुसऱ्याच्या यंत्रमागावर राबायचो तेव्हा मी पैजेवर दातानं फोडायचो. आता माग स्वतःचे आहेत. दात तेच आहेत.

दुपारी
संयोगिता दातांची डॉक्टर. टॉर्च मारून म्हणाली, खालच्या डाव्या दाढेला चीर आहे, सुपारीचं डोक्यातून काढा. तरुण डॉक्टरांना सगळीकडं चिराच दिसतात. चहा कोमट करून प्यालो. आवड म्हणून.

५ फेब्रुवारी
तिचं पुस्तक चाळलं. इनॅमल ही शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू. हाडाचा नंबर मागं. आत अतिबारीक कांड्यांच्या जुड्या, एकमेकींना आडव्या ओलांडून गेलेल्या. म्हणजे उभा धागा, आडवा धागा! चीर एका कांडीच्या कडेनं पळत सुटली की पुढची आडवी तिला अडवते. विणकाम मला कोण शिकवणार?
संयोगिता म्हणाली, कापडाला रफू होतं, इनॅमलला नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात. मी पुढचं पान दाखवलं: उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात. उंदीर सस्तन, मी सस्तन. विषय संपला.

८ फेब्रुवारी
सराव सुरू. उसानं सुरुवात करणार होतो. रस मागवला. ऊसच तो, फक्त पातळ.
संध्याकाळी चिक्की. चोखली. चव अशीच कळते.
माझे कान तिखट. सौ. स्वयंपाकघरात हळूच म्हणत होती, डावीकडून चावतच न्हाईत, भाकरी आमटीत भिजवून गिळतात. शेजारच्या कृष्णातबद्दल असावं. बिचारा.

१२ फेब्रुवारी
संयोगिता समोर येऊन बसली. म्हणाली, कठीण म्हणजे चिवट नव्हे, काचही कठीण असते. इनॅमलला खालच्या मऊ थराचा आधार असतो, आणि तुमची चीर त्या थरात उतरलीय. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आप्पा, माझं लगीन तुमच्या दाढंवर ठिवू नका."
रात्रभर विचार करणार होतो. झोप लागली. शब्द दिला म्हणजे दिला.

१६ फेब्रुवारी, सकाळ
आज बैठक. फॉर्म उत्तम. मीठपाण्याच्या गुळण्या केल्या, केवळ स्वच्छता म्हणून.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ
लिहायला हात ठीक आहे.
सगळे बसले. सुपारी डावीकडं घेतली. उजवीकडच्या दाढा आधीच गेल्यात, हे इथं नोंदवायचं राहून गेलं होतं. आवळली. कट्ट असा आवाज झाला. आण्णा मोठ्यानं म्हणाले, "फुटली की ओ पावणं!" टाळ्या झाल्या. मी तोंडातून काढली. सुपारी अख्खी, दाढ अर्धी.
टाळ्या थांबल्या. नवऱ्या मुलाची, उदयसिंहची, आत्याआजी बयाबाई स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "सुपारी फुटली न्हाय, म्हंजे सोयरीक ठरली न्हाय." आण्णा छताकडं बघू लागले. मला आडव्या कांड्यांबद्दल सांगायचं होतं, पण तोंडात रुमाल होता.
संयोगिता आतून वरवंटा घेऊन आली. सुपारी पदरानं पुसली, फरशीवर ठेवली, एका घावात तुकडे. म्हणाली, "फुटली. आता ज्याला ठरलंय असं वाटतंय, त्यानं आप्पांना धरून गाडीत बसवावं."
मग उदयसिंह उठला. माझ्या काखेत हात घातला आणि चपला शोधू लागला. बयाबाईनं पेढा उचलला आणि अर्धा मोडून सौ.च्या तोंडात घातला.

१८ फेब्रुवारी
पोरीच्या खुर्चीत झोपलो. आ करून. उरलेल्या दाढेवर कॅप बसेल म्हणाली. मी काहीतरी म्हणालो, ते कोणालाच कळलं नाही.
आण्णांचा फोन आला. लग्न मे महिन्यात. सौ.नं स्पीकरवर टाकला. "पावण्यास्नी सांगा, पंगतीत मटण हाय, पर त्यांचा मऊ भात येगळा शिजवायला आचाऱ्याला सांगितलंया."
तोंड बधिर होतं. मी हातानं नाही म्हटलं.
सौ. म्हणाली, जरा जास्तच शिजवा.