नोटा छापणाऱ्याची दाजींविरुद्ध तक्रार

नाशिकरोड,
दिवाळीआधीचा रविवार

तीर्थस्वरूप दाजींना चिंतामणचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? माझा बरा आहे म्हणतात (म्हणणारे डॉक्टर, चालणारा मी). मयुरेश मनमाडचं घर विकून तुम्हाला पुण्याला नेतोय, असं कळलं. मुलगा आहे, त्याचा हक्कच आहे. मी मामा, मी कोण मध्ये बोलणार? अक्का असती तर बोलली असती. तिला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हापासून तुम्ही नाशिकला फिरकला नाहीत, तेही मी काढत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने मला ‘देशातला पैसा : पन्नास वर्षांची वाढ’ या विषयावर बोलायला उभं केलं. कारण काय, तर मी नोट प्रेसमध्ये आयुष्य काढलं. (आचाऱ्याला शेतीवर बोलायला लावावं, तसंच हे.) मी तयारी केली होती ती शाई, कागद आणि कटिंगची. आकडे अर्थशास्त्र शिकणाऱ्या नातीने, वल्लरीने, काढून दिले होते. ते आधी वाचून ठेवायचे असतात हे मला सुचलं नाही, थेट माईकवरच वाचले. १९७०च्या सुमारास देशात नोटा, नाणी आणि बँकांतल्या ठेवी मिळून अकरा हजार कोटी रुपये होते. आज अडीचशे लाख कोटींच्याही पुढे. टाळ्या पडल्या. सगळे मीच छापल्यासारखी मी मान लववली. पुढची ओळ अशी, की तेव्हा या पैशात शंभरातले चाळीस रुपये रोख असायचे, आता जेमतेम तेरा-चौदा. म्हणजे बाकीचे प्रेसमध्ये कधी आलेच नाहीत! बँक कर्ज देते, खात्यात आकडा लिहिते, की झाला नवा पैसा तयार. कागद नाही, शाई नाही, सुटताना गेटवर झडती नाही. मग ते छापले कोणी, असं पहिल्या रांगेतल्या सिंधुबाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आमच्या दाजींनी!”

आठवून बघा. तुम्ही बँकेत कर्ज विभागात. कांदाचाळीला कर्ज, ट्रॅक्टरला कर्ज, रेल्वेवाल्यांच्या घरांना कर्ज. आणि तूरडाळ महागली की भर पंगतीत मलाच म्हणायचात, “चिंतामणराव, मशीन जरा हळू चालवा की!” एकदा तर मी जिलबी टाकून उठलो होतो, अक्काने हाताला धरून परत बसवलं. आणि इतकी वर्षं खरा कारखाना शेजारच्या पाटावर बसून मठ्ठा पीत होता!

भाऊबीजेचं तर विचारूच नका. अक्काला ओवाळणीत भावाच्या प्रेसची कोरी नोटच हवी असायची, आणि प्रेसमधून आम्हाला कागदाचा कपटाही बाहेर नेता येत नसे. मग दिवाळीआधी मी तुमच्या बँकेत येऊन रांगेत उभा राहायचो, तुम्ही गुपचूप कोरी नोट बदलून द्यायचात, तीच मी तबकात टाकायचो आणि अक्का ती कौतुकाने तुम्हालाच दाखवायची. तुम्ही चष्मा लावून उलटसुलट बघायचात आणि म्हणायचात, वा, छपाई सुरेख आहे. तिला एकदाही सांगितलं नाहीत. फार चांगले दिवस होते ते, दाजी.

तर संघाने तुम्हाला जबाब द्यायला बोलावलं आहे. लवकर निघावं.

आपला, निर्दोष सुटलेला,
चिंतामण

ता. क. : संघाने कोणालाही बोलावलेलं नाही. माझ्या भाषणानंतर त्यांनी पैशाचा विषय कायमचा बंद करून योगासनं सुरू केली आहेत.

ता. क. २ : वरची खोली रंगवून घेतली आहे. पाहुण्यांसाठी नाही, राहणाऱ्यासाठी. मयुरेशशी बोललो. तो म्हणाला, बाबांना पुण्याला यायचंच नाही, पण मामा, तुम्ही आपणहून म्हटल्याशिवाय ते मेहुण्याच्या घरी कसे येतील?

ता. क. ३ : सौ. श्यामलाने पत्र वाचलं. म्हणाली, एवढं कशाला लिहिलंत, दोन ओळी पुरल्या असत्या. त्या लिहितो. अक्काबद्दल बोलायला मला आता तुमच्याशिवाय कोणी नाही. राहायला या.