पाहून राह्यलो, म्हणजे रिव्ह्यू सुरू

३ डिसेंबर
नागपूर हेड ऑफिसचा मेल. कुणी कोड पाठवला की तो तपासणारा पहिला शेरा किती वेळात टाकतो, हे आता मोजणार. सगळ्यात फास्ट ब्रँचचा टीम लीड मॅनेजर होणार. म्हणजे मी. आमच्या चंद्रपूर ब्रँचची सरासरी सध्या दोन दिवस. दोष माझा नाही, झाडीपट्टीच्या नाटकांचा. टीम रात्रभर मंडपात, दिवसभर टेबलावर डोकं. उद्यापासून शिस्त.

४ डिसेंबर
मीटिंग घेतली. डिंपल म्हणाली, लोकेशभाऊ, कोड वाचाले वेळ लागते. मी म्हणालो, वाचा सावकाश, सुरुवात लवकर करा. आपण फोनवर ‘येऊन राह्यलो’ म्हणतो तेव्हा घरीच असतो ना? तसंच. सगळ्यांना एकदम पटलं. याला म्हणतात लीडरशिप.

७ डिसेंबर
चमत्कार! कोड आला की लगेच खाली शेरा: पाहून राह्यलो. आमच्या टीममधला भूपेश गोंडपिपरीच्या नाटकात खलनायक आहे, तो विंगेतूनसुद्धा शेरा टाकतो. डोळे भरून आले. मॅनेजरचा कोट शिवायला टाकला.

१० डिसेंबर
‘पाहून राह्यलो’चा ढीग साचलाय, पाहिलं कुणीच नाही. हरकत नाही. नवा नियम काढला: शेरा पडला की एक दिवस थांबायचं आणि कोड पुढे सोडायचा. डिंपलनं कपाळाला हात लावला. सलाम असणार.

१२ डिसेंबर, सकाळ
मच्छीमार संस्थेच्या मुखरूभाऊंचा फोन. आम्ही संस्थेला करून दिलेल्या ॲपवर रोहूचा भाव पाहायला गेलं की ‘हा हा हा! आता माझ्या तावडीतून तुला कोण सोडवणार?’ असं येतं. भूपेशनं पाठांतरासाठी आपले डायलॉग कोडच्याच फाईलमध्ये लिहून ठेवले होते. मुखरूभाऊ म्हणाले, अर्धे मेंबर भेऊन राह्यले, अर्धे नाटकाचं तिकीट मागून राह्यले.

१२ डिसेंबर, दुपार
नागपूरहून आदेश. मॅनेजरपद दुसऱ्या ब्रँचला. आणि आमचा सगळा कोड आता टीम लीडनं स्वतः वाचायचा. म्हणजे भरवसा अजून माझ्यावरच आहे. बरं वाटलं.

१३ डिसेंबर
पहिली फाईल उघडली. कोडला हात लावून बरीच वर्षं झाली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. एकच ओळ समजली, कारण ती मराठीत होती: ‘ही फाईल लोकेशभाऊले दाखवू नका, बिघडवून ठेवते.’

तळपायाची आग मस्तकात गेली. असली फाईल पास कुणी केली, म्हणून डिंपलला विचारलं. ती म्हणाली, तुमीच केली ना भाऊ, मागच्या वर्षी.