अडीच फूट जागेची व्यवस्था

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंद्याने काचवाला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने आणि चष्मा लावून करीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या धाकट्या भावाला तो वाचूनही पटणार नाही, पण कायद्याला पटला की पुरे.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात दोन पाने नुसती भावाबद्दल होती.

एक. राहते घर मुलाला. तो शहरात असतो, सुट्टीला येतो. या खेपेस गाडी थेट दारात आणली, उतरून रस्ता न्याहाळला आणि म्हणाला, "बाबा, आता पुढे एक फाटक लावून टाकू. कोणी ऐरागैरा आत यायला नको." हे ऐकून मी त्याच दिवशी वकीलबाईंना फोन केला. कारण पुढे येईल.

दोन. कारखाना, कापायचे टेबल, गुण्या, पट्ट्या आणि काच कापायची हिरकणी मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. तोंडावर हे कधी म्हटले नाही, म्हणून लिहून देतो.

तीन. हमरस्त्यापासून आमच्या दारापर्यंतचा पावणेदोन किलोमीटर रस्ता खासगी आहे. नऊ घरे, नऊ मालक, ज्याच्या जमिनीतून जातो त्याचा तेवढा तुकडा, आणि खड्डे सर्वांचे. चाळीस वर्षे काचेची गाडी हमरस्त्यावरच थांबायची. तिथून मी आणि बायको तावदाने चादरीत गुंडाळून हातांवर आणत असू. ती पुढे, मी मागे. "खड्डा. आता डावीकडे. थांबा, मला हसू येतंय." तिला पुरुषभर उंचीचा आरसा हवा होता. तो काही त्या वाटेने धड आला नसता.

मग खासगी रस्त्यांना सरकारी अनुदान द्यायची योजना निघाली. अटी अशा की सर्व मालकांची संमती हवी, रुंदी पूर्ण हवी, आणि रस्ता पुढे कायम सर्वांना खुला हवा. कोणी अडवला तर अनुदान परत. मी अर्ज केला. आठ सह्या आठवड्यात झाल्या. नववी भावाची, ती सहा वर्षे होईना. तो म्हणे, "दादा, आधी कारखान्याची भिंत मागे घे. ती रस्त्यात आलीय." मी त्याला आडमुठा म्हटले, जळका म्हटले, आणि त्याच्या मुलीच्या लग्नात न जेवता परत आलो.

शेवटी रस्ते खात्याची एक तरुण अभियंता टेप घेऊन आली. पलीकडच्या हद्दीच्या दगडापासून तिने दोनदा मोजले आणि विचारले, "काका, ही भिंत कोणाची?" भिंत अडीच फूट रस्त्यात होती. बांधताना मी माप दगडापासून न घेता नाल्याच्या काठापासून घेतले होते, आणि नाला गाळाने भरून काठ केव्हाच पलीकडे सरकला होता. सुताभर चुकलेली काच फेकून देणारा माणूस मी. भाऊ पाठीमागे हात बांधून उभा होता. "मी काही बोललो नाही हं," एवढेच बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेतली. दहाच्या सुमारास भाऊ स्वतःची पहार घेऊन आला. भिंत पडायला दुपार झाली. मग हात झटकून तो म्हणाला, "आण तो कागद."

आज रस्ता डांबरी आहे, दोन्ही कडांना गटारे आहेत. गेल्या महिन्यात काचेची गाडी प्रथमच दारात थांबली. आत सहा फुटी आरसा, एक ओरखडा नाही. नऊही घरे बघायला लोटली होती. मी जिंकलो आहे, आणि हे कायदेशीर कागदात लिहिण्याचा मला हक्क आहे. फक्त बायको हवी होती. आरसा तिच्या खोलीत लावला आहे.

चार. सबब माझ्या मालकीचा रस्त्याचा तुकडा, भिंतीखालून निघालेल्या अडीच फुटांसह, मी नऊ घरांच्या रस्ता समितीला कायमचा देत आहे. मुलाने त्यावर फाटक, साखळी किंवा शोभेची कुंडीसुद्धा ठेवल्यास घर मुलीला जावे. बाळा, राग मानू नकोस. आपणच अडवणारे निघालो, हे एकदा पुरे झाले.

पाच. हमरस्त्यालगतची पाऊण एकर जमीन भावाला. ती तो तीस वर्षे मागत होता.

खुलासा: कलम पाच खोडले आहे. भाऊ साक्षीला बसला तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला यातलं काही घेता येत नाही. दुसरा कोणी बघू का?" भावाने सगळी पाने वाचली होती. तो म्हणाला, "जमीन समितीला द्या, डागडुजीची खडी टाकायला होईल. दादाने चूक लेखी कबूल केलीय. त्याखाली सही माझीच पाहिजे."

ठिकाण: कापायच्या टेबलावर, कारखान्यात
दिनांक: ९ ऑक्टोबर, सकाळी अकरा
करून देणार: काचवाला (सही)
साक्षीदार: टपालवाली, रोज याच रस्त्याने येणारी (सही)
साक्षीदार: धाकटा भाऊ (सही, कलम तीन दोनदा वाचून)