फादरांचा चहा

फिअक्रा,

तुझी बायको नीव्ह सकाळपासून अंगावरचं दूध काढायचा हातपंप दाबत बसली आहे. दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या तुझ्या लेकीला दवाखान्यातल्या काचपेटीत हेच दूध लागतं. कालची बाटली नीव्हनं फ्रिजमध्ये अगदी मागे, गार जागी ठेवली होती. ती तू न विचारता फादर मॅलकींच्या चहात ओतलीस. ते मला म्हणाले, "ओनाबाई, आज चहा झकास झालाय." तू हसलास. नीव्ह म्हणाली, "असू दे आई. रडत बसले तर हे दूधही यायचं नाही."

आता पाहुण्यांना कोराच चहा. गाव नावं ठेवेल, ठेवू दे.

त्या पेटीपाशी जायची तुला भीती वाटते, हे मला दिसतं. म्हणून हे पत्र तुला देत नाही. त्याऐवजी नवी बाटली बर्फाच्या पिशवीत ठेवून तुझ्या हातात देणार आहे. दवाखान्यात तूच जायचंस.

तुझी आई