न कापता बसणाऱ्या गाड्या आणि वरची माडी

मी, गुंडा आबा शितोळे, वय अडुसष्ट, धंदा सोन्याचांदीची गलाई, राहणार विटा, तालुका खानापूर, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी छाती तेजाबाच्या धुराने गेली आहे, पण डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. काय लिहावे हे मला कोणी पढवलेले नाही. पढवायला पुष्कळ जण आले होते, त्यांना चहा पाजून वाटेला लावले. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

माझी सर्व मिळकत स्वकष्टाची आहे. मिसरूड फुटायच्या आत मी मद्रासला गेलो आणि तिथे उभी हयात लोकांचे दागिने वितळवले. पाटल्या असोत, हार असोत, कुणाच्या आईची नथ असो, भट्टीतून सगळ्याची सारखीच लगड निघते. हा धंदा वाईट नाही, त्यानेच आम्हाला पोसले. फक्त घडवलेली वस्तू मोडायची, एवढेच माझ्या हाताला माहीत होते.

कलम पहिले. माझी पत्नी सौ. येसूबाई हिला विट्याच्या घराचा खालचा मजला हयातभर वापरण्याचा हक्क राहील. तिच्या अंगावरचे व कपाटातले दागिने तिचेच आहेत. ते कोणी भट्टीत घालू नयेत, मोडीला काढू नयेत. मी मद्रासला असताना वर्षातले अकरा महिने हे घर तिने एकटीने राखले. गलाईवाल्यांच्या बायका असेच दिवस काढतात, आणि त्याबद्दल कोणी त्यांना शाबासकी देत नाही. मी इथे देतो.

कलम दुसरे. माझा थोरला मुलगा चि. हिंदुराव याला मद्रासचे दुकान, भट्टी, काटा, सर्व अवजारे आणि घोगावच्या वाटेवरची जमीन द्यावी. येसूबाईच्या मागे घराचा खालचा मजलाही त्याचाच. हिंदुराव कष्टाळू आहे. त्याची एकच खोड आहे, चांगल्या चाललेल्या वस्तूत त्याला सुधारणा सुचते. त्या खोडीची आठवण पुढच्या कलमात आहे.

कलम तिसरे. माझ्या माडीवरच्या काचेच्या कपाटात मी जोडलेल्या प्लास्टिकच्या छोट्या मोटारगाड्या आहेत. पाहुणे त्यांना खेळणी म्हणतात, म्हणोत बापडे. मद्रासच्या बंदराजवळच्या बाजारात खलाशांनी आणलेला माल मिळायचा. तिथे एकदा मी एक डबा घेतला. आत अख्खी मोटार सुट्या तुकड्यांत होती. चाके, काचा, खुर्च्या, सगळे एका प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले. जोडायची वस्तू आयुष्यात पहिल्यांदा हातात आली आणि मी खुळावलो. त्या पहिल्या गाडीचे छत किंचित वाकडे होते. गलाईवाल्याला वाकडे दिसले की तो काय करणार? मी ते भट्टीवर धरले. छत टाळूला चिकटलेल्या पापडासारखे आत बसले. दुकानातली पोरे हसून लोळली, आणि मीही हसलो. त्या दिवसापासून एक नियम केला: दुरुस्त करून घ्यावी लागेल ती गाडी घ्यायचीच नाही. कानस नको, करवत नको. डब्यात जे आहे ते जसेच्या तसे बसले पाहिजे.

हा नियम मोडणारा एकच माणूस या घरात झाला. मी घरात नसताना हिंदुरावने माझ्या जीपची चाकांवरची कमान करवतीने कापून तिला मोठी चाके बसवली. म्हणाला, "आप्पा, आता कशी रुबाबदार दिसतीया!" तीन पायांच्या म्हशीसारखी दिसत होती. ती जीप हिंदुरावलाच द्यावी आणि त्याने ती दुकानात गल्ल्याजवळ ठेवावी. बाकीच्या सर्व गाड्या, कात्री, रंगाच्या बाटल्या व ब्रश माझी धाकटी सून अंजना हिला द्यावेत.

अंजना ही माझा धाकटा मुलगा कै. संपत याची पत्नी. संपत माझ्याबरोबर दुकानात होता. तीन वर्षांमागे तो मद्रासला काविळीने गेला. त्यांना मूलबाळ नाही. त्याचे सामान आणायला मी तिला घेऊन गेलो, तेव्हा तिने मद्रास पहिल्यांदा पाहिले. परत निघायच्या दिवशी पाय आपोआप त्या बाजाराकडे वळले. दुःखात माणूस कुठे जाईल, याचा नेम नाही. मी एक डबा उचलला. अंजना डोक्यावर पदर घेऊन मागे उभी होती. लग्नापासून माझ्यासमोर ती कधी बसली नव्हती, कामापुरतेच बोलायची. ती म्हणाली, "मामा, ह्यो नगा घिऊ. छत वाकडं हाय." मी एक डोळा मिटून कडेने पाहिले. होते वाकडे. माझा नियम तिला संपतनेच सांगितला असणार. तिथेच बाजारात मला रडू आले, आणि तीही रडली. दुकानदार बिचारा किंमत कमी करायला लागला.

त्यानंतर मी विट्यालाच राहिलो, आणि आम्ही दोघे माडीवर बसून गाड्या जोडू लागलो. सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसते म्हणून गल्लीत कुजबुज झाली. येसूबाईने ती गल्लीतच थांबवली.

कलम चौथे. पुढे कोणाला हा नाद लागला तर त्याच्यासाठी, आणि अंजनाला पाठ असले तरी, लिहून ठेवतो. झाकणावरच्या चित्रावर भाळू नये, चित्रातली गाडी नेहमीच देखणी असते. गाडीचा सांगाडा एकसंध हवा. छत, बाजू आणि मागचा भाग एकाच तुकड्यात आलेला असावा. डावी-उजवी बाजू वेगळी असेल तर छतावरची सांधणीची रेघ कधी जात नाही. दारे उघडणारी घेऊ नयेत, ती पुढे कधीच नीट मिटत नाहीत. तुकड्यांच्या कडांना पातळ पापुद्रा सुटलेला असेल तर साचा झिजलेला आहे असे समजावे आणि डबा खाली ठेवावा. काच उजेडात धरून पाहावी. डबा हलवून ऐकावे, ही अंजनाची युक्ती. बारीक खुळखुळ आली तर काहीतरी तुटलेले असते. आणि चिकटवण्याआधी सगळे कोरडे जुळवून पाहावे. जी गाडी चिकटवायच्या आधीच आपल्या पायांवर उभी राहते, ती चांगली.

कलम पाचवे, आणि ज्याच्यासाठी हे मृत्युपत्र केले ते हेच.

गेल्या दिवाळीत फलटणकडून अंजनाला स्थळ आले. साखर कारखान्यात नोकरी, बायको वारलेली, माणूस सालस. स्वतः रहिमतपूरला तिच्या भावाकडे जाऊन बोलला, मग इथे आला. अंजनाने नको म्हणून सांगितले. आम्हाला वाटले, संपतवरच्या मायेने म्हणते आहे. येसूबाईने तिला जवळ घेऊन विचारले तेव्हा बोलली, "आत्या, माणूस चांगला हाय, पर म्या हितनं गेले की परत ह्या उंबऱ्याच्या आत कोण घील? तितं न्हाई जमलं तर म्या कुटं जाऊ?"

हे येसूबाईने मला सांगितले, तेव्हा मला उमजले. पोरगी भीतीपोटी नाही म्हणते आणि आम्ही ते निष्ठा म्हणून मिरवतो.

म्हणून माडीवरच्या दोन्ही खोल्या, पुढची गॅलरी आणि बाहेरून चढणारा जिना मी अंजनाला कायमच्या मालकीने देत आहे. वकिलांनी कच्च्या मसुद्यात एक ओळ घातली होती: सदर महिला पुनर्विवाह करेल तर तिचा हक्क संपुष्टात येईल. मी म्हणालो, "साहेब, ही ओळ काढा." ते म्हणाले, "आप्पा, सगळ्याच घरांत असं लिहितात." मी म्हणालो, "लिहू द्या त्यांना. माझ्या सुनेला कापून बसवायची न्हाई." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ओळ खोडली.

हिंदुराव मद्रासहून आला होता. तो म्हणाला, "आप्पा, उद्या ती लगीन करून आली तर माडीवर परका माणूस नांदायचा!"

"नांदू दे रं," मी म्हणालो. "पोरीला सांबाळून नांदला म्हंजे झालं. जिना वेगळा हाय, तुज्या डोक्यावरनं चढणार न्हाई."

बरोबर करशील, हिंदुराव. तू वाईट नाहीस. या कलमात मात्र सुधारणा सुचवू नकोस. जीपकडे बघ.

अंजनाने लग्न करावे की करू नये, फलटणला जावे की इथे राहावे, माडी ठेवावी की विकावी, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. ती राहिली तर मला बरे वाटेल, कारण मला तिची सवय झाली आहे. पण मी तेव्हा असणार नाही, तेव्हा माझ्या बऱ्या वाटण्याला किंमत देऊ नये.

कलम सहावे. कपाटाच्या वरच्या खणात एक न उघडलेला डबा आहे. पांढरी, दोन दारांची जपानी मोटार. संपतने शेवटच्या आजारपणाआधी घेतलेली. मला म्हणाला होता, "आप्पा, हिला काय बी करावं लागणार न्हाई, बगा." अंजनाने तो आजवर उघडला नाही आणि मी कधी विषय काढला नाही. तो तिचा आहे. जोडावा वाटला तर जोडावा, जिथे असेल तिथे. नाही वाटले तर तसाच ठेवावा.

मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा मित्र रसूल, घड्याळवाला, याने करावी. तो साक्षीदारही आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात. म्हणून त्याचा बारीक चिमटा, जो मी उसना घेऊन परत केला नव्हता, तो काल त्याला दिला. त्याने तो परत माझ्याच टेबलावर ठेवला.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, समजले, माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. खाली सही करतो.

ठिकाण: विटा
तारीख: ९ ऑक्टोबर १९९४

(सही) गुंडा आबा शितोळे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली व ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या:

(सही) रसूल अमीन मुल्ला, घड्याळ दुरुस्ती, विटा
(सही) डॉ. प्रबुद्ध होवाळ, विटा

सौ. येसूबाई गुंडा शितोळे यांचा अंगठा. त्यांच्या साक्षीची गरज नाही असे वकिलांनी सांगितले, तरी त्यांनी आग्रहाने उठवला, आणि पुढील शब्द जसेच्या तसे लिहायला लावले: "अंजे, तू लगीन कर न्हाईतर नगं करू. पर दिवाळीला म्हायेराला म्हनून हितंच यायचं. उंबऱ्याच्या आत म्या घीन."