‘कमी’ लिहिलं त्या दिवशी

बाबांना धाकटीचा नमस्कार, जरा रागावलेलाच.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. रोज सकाळी कचेरीच्या छपरावरच्या यंत्रातली चिकट पट्टी काढून परागकण मोजते, वाऱ्याचा हिशेब जोडते आणि दम्याला त्रास देणारे हे कण हवेत किती असतील, याचा अंदाज लिहिते. आपल्या गावाचाही मीच लिहिते, हे तुम्ही गल्लीभर सांगत सुटलाय म्हणे!

आईकडून सगळं कळलं. परवा मी ‘कमी’ लिहिलं, म्हणून तुम्ही दम्याचा पंप घरी ठेवून फिरायला गेलात. वाटेत धाप लागली, शेजारच्या काकांनी धरून घरी आणलं. वर आईलाच दटावलंत, “पोरीला सांगू नकोस, तिचा अंदाज खोटा पडला असं वाटेल तिला.”

अहो, अंदाजच तो! वारा फिरला, कुठे गवत फुलोऱ्यावर आलं, की चुकतो. आपल्या फाटकाजवळचं गवत कापलंत का? आईला रात्री झोप लागते ना?

फोनवर तुम्ही हसून विषय बदलता, म्हणून लिहितेय. मी ‘कमी’ लिहो नाहीतर ‘जास्त’, पंप खिशात हवा. माझी लाज राखायला जाऊ नका. चुकलेला अंदाज मी दुसऱ्या दिवशी सुधारते, बाबा. तुम्हाला कुठून परत आणू?

तुमचीच,
धाकटी